सातही नळ्या

पाचवी नळी माझ्या डोक्याशेजारी भिंतीवर फुटली आणि तिचा एक तुकडा कानाच्या पाळीत घुसला.

“गळकी!” डॉ. खासनीस ओरडले. “पाचवीसुद्धा गळकी! काच फुंकतोस की झोपा काढतोस, खंडू?”

“न्हाई गळत सर. तुमच्याम्होरंच कॉईल फिरवून दावली की.”

“ती कॉईल खेळणं आहे तुझं. प्लेट काय सांगते ते मी बघतो.”

मी पाळीतला तुकडा ओढून काढला. रक्त सदऱ्याच्या कॉलरवर उतरलं. माझे हात तेव्हाच शिवशिवले होते, हे कबूल करतो. पण तो सोमवार होता आणि शनिवारी निवड समिती बसणार होती. सहा वर्षं हंगामी काढलेला मी त्या शनिवारी एक तर कायम होणार होतो किंवा घरी जाणार होतो. घरी बायको होती, दोन मुली होत्या. मी झाडू घेतला आणि माझीच नळी गोळा केली.

ही १९७१ सालची गोष्ट. विद्यापीठ कुठलं ते सांगत नाही, सांगून कुणाचं भलं होणार नाही. मी तिथल्या पदार्थविज्ञान विभागाचा काच फुंकणारा, खंडू लोहार. त्याआधी कंदिलाच्या काचा बनवणाऱ्या एका कारखान्यात होतो. तिथला उस्ताद काच तडकली की तापलेली सळई आमच्या दंडाला लावायचा. डाग अजून आहेत. एका दुपारी मी त्याचे पुढचे दोन दात पाडले आणि नोकरी सोडली. विद्यापीठात आलो तेव्हा वाटलं, शिकलेली माणसं आहेत, इथं कुणी अंगाला हात लावणार नाही.

खासनीस सरांचं काम असं असायचं. क्वार्ट्झच्या नळीत एका धातूचे तुकडे घालायचे, नळीतली हवा पंपाने ओढून घ्यायची आणि तोंड वितळवून बंद करायचं. धातूचं नाव राहू दे, विषारी होता एवढं पुरे. मग ती नळी भट्टीत ठेवून तापवायची. धातूची वाफ झाली की एका बाजूने दिव्याचा प्रकाश सोडायचा आणि पलीकडे फोटोच्या काचेवर, म्हणजे प्लेटवर, तो उमटवायचा. जो प्रकाश पोचला तो प्लेट काळी करतो. जो वाफेने गिळला तिथे पांढरी रेघ राहते. नळी सोडली तर बाकी सगळं त्यांचं, पण नळी माझी. प्रत्येक नळीवर मी हिऱ्याच्या टोकाने ‘खं’ आणि आकडा कोरायचो, आणि त्या नळीवर घेतलेल्या प्लेटच्या कोपऱ्यातही तेच लिहिलं जायचं. तशी सरांचीच शिस्त होती.

सरांच्या खोलीत त्यांच्या जुन्या रेघेचा आलेख चौकटीत लावलेला होता. देवळाच्या शिखरासारखा, दोन्ही बाजू अगदी सारख्या. मोजमाप विद्यार्थ्यांनी करायचं, पण ठिपक्यांवरून शेवटची रेघ सर स्वतः ओढायचे. त्या आलेखावर त्यांचं नाव झालं होतं.

त्यांची विद्यार्थिनी कमल हुपरीकर. पंचविशीची, किडकिडीत, मान खाली घालून चालणारी. सरांचं संशोधन ती करायची आणि सरांची पत्रंही तीच टाईप करायची. आमच्याकडे विद्यार्थ्यांनी गाईडची पत्रं टाईप करायची असा रिवाजच होता. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. तिच्या प्लेटांवर गेला महिनाभर पांढऱ्या रेघेला डावीकडून चिकटलेली एक पट्टी येत होती, आजूबाजूच्या काळ्यापेक्षाही काळी. सरांचं शिखर एका अंगाने खचत होतं. सर म्हणत, नळी गळते, हवा शिरते, वाफ काचेवर बसते आणि नको तो प्रकाश पाझरतो.

मी कॉईल फिरवून दाखवायचो. ठिणगी सोडणारी ती कॉईल नळीजवळ नेली की आत हवा शिरलेली असेल तर नळी जांभळी पेटते. माझ्या नळ्या काळ्याभोर राहायच्या. तरी सर म्हणायचे, गळकी.

सोमवारी दुपारी हुपरीकर बाई माझ्या खोलीत आल्या. माझ्या कानाला चिंधी बांधलेली होती. त्यांनी ती पाहिली, पण विचारलं काही नाही.

“लोहार, आणखी दोन नळ्या बनवाल? एक जाड काचेची, एक पातळ. आणि क्वार्ट्झ वेगवेगळ्या पेटीतला घ्या.”

“कशापायी? पाच कमी पडल्या व्हय नावं ठिवायला?”

“मला हव्या आहेत,” त्या म्हणाल्या. “आणि पहिल्या चार टाकू नका. जपून ठेवा.”

“पुरावा म्हणून?”

“हो,” त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी नळ्या केल्या. सहावी करताना ज्योत वळली आणि डाव्या तळहाताचं कातडं सोलून निघालं. सातवी मी त्याच हाताने धरली. इतकी स्वच्छ नळी मी त्याआधी बनवली नव्हती आणि त्यानंतरही नाही. जोड कुठे आहे ते माझं मलाच सापडेना. गुरुवारी ती भट्टीत गेली. आता काय काढतील, म्हटलं.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी सरांच्या खोलीत गेलो. ते चहा पीत होते.

“सर, सातवीचं काय झालं?”

“काय व्हायचंय? तेच. गळकी.”

“सर, ती गळणं शक्यच न्हाई. माझ्या लेकींची शपथ घेऊन सांगतो.”

“तुझ्या लेकींचा आणि पदार्थविज्ञानाचा काय संबंध?” त्यांनी कप ठेवला. “उद्या समितीसमोर मी सात प्लेटा ठेवणार आहे. सातही प्लेटांवर तुझा ‘खं’ आहे. लोहाराच्या पोराच्या हाती नाजूक काम दिलं, चूक माझीच. तू आपला गावाकडे जा आणि कंदील कर.”

मग काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. टेबल मी बाजूला फेकलं असावं, कारण चहा भिंतीवर होता. माझ्या सोललेल्या हातात त्यांची गळपट्टी होती. मी माझं कपाळ त्यांच्या नाकावर आदळलं. ओली काठी मोडल्यासारखा आवाज आला. चष्मा माझ्या पायाखाली चुरला. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा त्यांचं डोकं त्या चौकटीतल्या आलेखावर आपटलं आणि काच खाली आली. तिसऱ्यांदा मी मूठ उचलली.

“मार,” ते म्हणाले. तोंडात रक्त होतं, त्यामुळे शब्द बुडबुड्यासारखे येत होते. “मला मारून प्लेटा बदलतात का? त्या तिकडे आहेत. कपाटात.”

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि जमिनीवर टाकली.

माझी मूठ तशीच राहिली. मग मी किल्ली उचलली.

प्लेटांचं कपाट समोरच्या खोलीत होतं. हुपरीकर बाई तिथेच टेबलाशी वहीत काही लिहीत बसल्या होत्या. माझ्या सदऱ्यावरचं रक्त पाहून त्या उठून उभ्या राहिल्या. मी कपाट उघडलं. लाकडी पेटीत खाचा होत्या आणि खाचांत सात प्लेटा उभ्या होत्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईने लिहिलेलं होतं: खं-१, खं-२, खं-३. सहा वर्षांत माझं नाव कुठे इतक्या सुबक अक्षरात लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

“लोहार, ठेवा ती पेटी.”

“माझं नाव लिवून ठिवलंया यांच्यावर! माझ्या पोरींच्या तोंडचा घास काढताय, आन् मी ठिवू?”

“लोहार, माझं ऐका—”

मी पहिली प्लेट टेबलाच्या कडेवर फोडली. त्या किंचाळल्या. आवाज एवढा मोठा निघेल असं त्या देहाकडे पाहून कुणाला वाटलं नसतं. त्या पेटीवर पडल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी एक प्लेट छातीशी धरली. मी ती ओढली. त्यांनी सोडली नाही. आम्ही दोघं त्या वीतभर काचेला धरून खोलीभर फिरलो, भट्टीवर आदळलो. मी त्यांना शिवी दिली. आईवरून दिली, खोटं कशाला सांगू. मग मी हिसका मारला आणि प्लेट त्यांच्या मुठीतच मोडली.

काच किती धारदार असते हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत एक तोंड उघडलं. आत पांढरं दिसलं आणि मग ते रक्ताने भरून गेलं.

तरी मी थांबलो नाही. खरी लाज मला त्याचीच वाटते. मी बर्नरचं लोखंडी स्टॅन्ड घेतलं आणि उरलेल्या प्लेटा पेटीतल्या पेटीत ठेचल्या. हुपरीकर बाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, हात पदरात गुंडाळलेला, आणि एकच वाक्य म्हणत होत्या.

“सातही! सातही नळ्यांत तीच आहे, लोहार! सातही!”

मला वाटलं, अजूनही माझ्या नळ्यांनाच बोल लावतायत. मी आणखी जोराने ठेचलं.

दमून थांबलो तेव्हा दारात खासनीस सर उभे होते. नाकाला रुमाल, शर्ट लाल. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी कुणाला हाक मारली नव्हती, मला अडवलं नव्हतं.

“झालं?” त्यांनी विचारलं.

मी स्टॅन्ड खाली टाकलं.

“हुपरीकर, दवाखान्यात जा. नळी फुटली म्हणून सांगा. खंडू, तू घरी जा.”

मी घरी गेलो आणि पोलिसांची वाट पाहत बसलो. बायकोला सांगितलं, दोन जोडी कपडे बांधून ठेव. शनिवारी संध्याकाळी सायकलची घंटा वाजली. मी उठून उभा राहिलो. विभागाचा शिपाई होता.

“पेढे काढा खंडूभाऊ,” तो म्हणाला. “कायम झालात. खासनीस सरांनी जोरदार पत्र दिलं म्हणे.”

बायको देवापुढे जाऊन रडली. मी मात्र हसलो. मला वाटलं, घाबरलं बेणं. उस्तादाचे दात पाडले तसं याचं नाक फोडलं, आणि हा सरळ आला. पुढची बारा वर्षं मी ही गोष्ट फुशारकीने सांगितली. वर्कशॉपमधल्या पोरांना, मेहुण्यांना, जावयाला. साहेबाचं नाक फोडलं आणि कायम झालो. ऐकणारे टाळ्या द्यायचे. हुपरीकर बाई त्याच वर्षी एप्रिलात विद्यापीठ सोडून गेल्या होत्या. लग्न ठरलं असेल असं मी धरून चाललो. गोष्ट सांगताना मी त्यांचा हात गाळायचो.

१९८३ साली विभागात मुंबईहून एक तरुण प्राध्यापक आले, दाभोळे म्हणून. एका सकाळी त्यांच्या वर्गात दाखवायला मी एक नळी घेऊन गेलो. ते फळ्यावर काही काढत होते. मी मागच्या बाकाशी थांबलो आणि फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर तीच वाकडी रेघ होती. एक उंच शिखर, आणि त्याला डावीकडून चिकटलेला खड्डा.

“अणूतला इलेक्ट्रॉन बाहेर पडायचा असेल तर त्याला दोन वाटा असतात,” दाभोळे सर मुलांना सांगत होते. “एक सरळ. प्रकाश लागला की थेट बाहेर. दुसरी वाट वळणाची. प्रकाश लागला की अणू आधी आत थोडा अडकून राहतो आणि मग त्याला सोडतो. तुम्ही म्हणाल, दोन वाटा म्हणजे जास्त इलेक्ट्रॉन बाहेर. पण या दोन वाटा लाटांसारख्या एकमेकींत मिसळतात. एका बाजूला त्या एकमेकींना जोर देतात, तिथे हे शिखर. दुसऱ्या बाजूला एकमेकींना मारतात, तिथे हा खड्डा. तिथे अणू प्रकाश जवळजवळ गिळतच नाही. म्हणून ही रेघ वाकडी.”

एका मुलीने विचारलं, हे कळलं कधी?

“प्लेटांवर आधीच दिसत होतं. बर्लिनमध्ये घेतलेल्या प्लेटा होत्या. १९३५ साली रोममधल्या एका तरुण पोराने त्याचं कारण सांगितलं, फानो त्याचं नाव. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग १९६१ मध्ये त्यानेच ते पुन्हा नीट मांडलं, आणि दोनच वर्षांत हेलियममध्ये अशा रेघा स्वच्छ दिसल्या. तेव्हापासून लोक जुन्या प्लेटा काढून बघायला लागले.”

वर्ग सुटल्यावर मी पुढे गेलो.

“सर, नळी गळकी असली तर अशी रेघ येती का?”

ते हसले. “गळक्या नळीने रेघ पुसट होईल, मामा. घाण होईल. पण दर वेळी त्याच जागी, तशीच वाकडी? छे. वेगवेगळ्या नळ्यांत तीच रेघ आली, तर ती नळीची नाही. अणूची आहे.”

मी वर्कशॉपमध्ये गेलो, दार लावलं आणि माझ्याच बर्नरच्या टेबलावर डोकं आपटून घेतलं. तीनदा. खासनीस सर दोन वर्षांपूर्वी वारले होते. जिवंत असते तर मी तुरुंगात गेलो असतो, हे नक्की. त्यांनी किल्ली माझ्या पायाशी का टाकली होती आणि दारात गुपचूप का उभे राहिले होते, ते मला बारा वर्षांनी कळत होतं. त्यांच्या शिखराला खोटं पाडणाऱ्या सात प्लेटा त्यांनी माझ्या हातून फोडून घेतल्या होत्या, मजुरी म्हणून नोकरी कायम केली होती. आणि मी ते फुशारकीने सांगत फिरत होतो.

हुपरीकर बाई मिरजेला एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवतात असा पत्ता लागला. रविवारी मी गेलो. दार त्यांनीच उघडलं. केस पांढरे व्हायला लागले होते. उजवा अंगठा तळहाताला चिकटून वाळलेला होता.

मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. म्हटलं, “बाई, नळ्या गळत न्हवत्या.”

“मला माहीत आहे, लोहार. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आत या.”

मी आत गेलो नाही. “मग बोलला का न्हाई? पुरावा म्हणून इचारलं, तर हो म्हणालात.”

“पुरावाच होता. तुमच्या बाजूचा.” त्यांनी खुर्ची दाराशी आणून ठेवली. “लायब्ररीत मला या वाकड्या रेघेवरचा १९६१ चा एक लेख सापडला होता. तुमची पाचवी नळी फोडली ना, त्याच्या दोनच दिवस आधी मी तो सरांना नेऊन दाखवला. त्यांनी अंक ठेवून घेतला. तेव्हा मला कळलं की आता खापर नळ्यांवरच फुटणार. म्हणून सात नळ्या हव्या होत्या. जाड, पातळ, सगळ्या.”

“मला सांगायचं हुतं.”

“हो,” त्या म्हणाल्या. “सांगायला हवं होतं. काच फुंकणाऱ्याला हे काय सांगायचं, असं वाटलं मला. कान फुटला होता तुमचा, आणि मी नळ्यांची ऑर्डर देऊन निघून गेले. इतक्या वर्षांत असा एक दिवस गेला नाही की मला ते आठवलं नाही.”

मी त्यांच्या पायाशी वाकलो तर त्यांनी डाव्या हाताने माझा खांदा धरला. पकड घट्ट होती.

“सरांनी मला सांगितलं, रेघ सरळ करून प्रबंध लिहा. मी नाही लिहिला. प्लेटा नव्हत्या, नळ्या त्यांनी मोडायला लावल्या. माझ्याकडे दाखवायला काही उरलं नव्हतं.” मग त्यांनी विचारलं, “तुम्ही तुमची सर्व्हिस फाईल कधी पाहिली आहे?”

“म्या कशाला बघतोय?”

“बघा एकदा.”

सोमवारी मी आस्थापनेत गेलो. तिथल्या कारकुनाने माझी फाईल काढली. धूळ झटकली, नाक मुरडलं. तळाशी खासनीस सरांचं ते पत्र होतं, इंग्रजीत, निवड समितीच्या नावे. टायपातली अक्षरं विचित्र होती. काही गडद, काही इतकी फिकी की दिसेनात, ओळी वरखाली गेलेल्या.

“कुणी टाईप केलंय हे?” कारकून म्हणाला. “एका हाताने केल्यासारखं दिसतंय.”

“वाचा,” मी म्हटलं.

त्याने मराठीत सांगत सांगत वाचलं. लोहार हा मेहनती आहे. वेळेवर येतो. त्यास कायम करावे, ही शिफारस. नेहमीचं. मग तो अडखळला.

“हे काय मधेच? ‘वाफेच्या प्रयोगासाठी त्याने वेगवेगळ्या काचेच्या सात नळ्या बनवल्या. सातही निर्दोष होत्या, आणि सातही नळ्यांत रेघ त्याच जागी, तशीच डावीकडून वाकडी आली.’ शिफारसपत्रात कशाला असलं?” त्याने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. “सही खासनीस सरांचीच आहे. न वाचता केलेली दिसतेय.”

चष्मा मी माझ्या पायाखाली चुरला होता. ते वाचणार कशाने?

माझ्या तोंडून हुंदका फुटला. मी त्या टेबलाची कड धरली आणि भर कचेरीत, चार लोकांसमोर, मोठ्याने रडलो. कारकून घाबरून पाणी आणायला उठला. मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

“पुन्हा वाचा,” मी म्हटलं. “ते सात नळ्यांचं. सावकाश.”